चार नंबरच्या चालीचा वरचा सूर

मी गाव सोडलं त्या दिवशी एस्टी वरातीत अडकली.

सकाळचे दहा वाजले हुते. माझ्या मांडीवर पत्र्याची ट्रंक, ट्रंकेवर बायकोनं, शोभानं, बांधून दिलेली चटनी-भाकर. कंडक्टरनं दोनदा बेल मारली, गाडी चौकातनं वळली आन समोर वरात. वरातीम्होरं बँड. बँड कुनाचा, तर रघू मास्तरचा. म्हंजे ज्या बँडात मी अठरा वर्सं ट्रंपेट वाजवला आन ज्यातनं मला म्हैनाभर आधी हाकलून दिलं, त्योच. ड्रायव्हर हॉर्न मारतोय, नवरदेवाचा घोडा जागचा हलत न्हाय. मास्तरनं हात वर करून चार बोटं दावली. चार बोटं म्हंजे चार नंबरची चाल. जिच्यापायी मला हाकललं, तीच.

लोकं कतारला निघाली की इमानतळावर रडत्यात. मी आमच्याच चौकात पाऊन तास एस्टीत घाम पुसत बसलो. आख्खी गाडी माझ्याकडं बघाय लागली. मागनं कोन तरी बोललं, "आनंदा, उतर की, तुलाच सोडाय आल्यात." एक म्हातारी शेजारनीला इचारत हुती, लाकडी कानाचा म्हनत्यात त्यो ह्योच न्हवं? आई खिडकीखाली उभी हुती. ती एवढंच म्हनली, "तोंड आवर बाबा तिकडं." मी ट्रंपेटवाला, तोंडावरच जगलेला मानूस, आन मला सांगती तोंड आवर.

मास्तरनं मला खिडकीत बघितलं. बघून त्यानं नजर काढली न्हाय, वाजवतच ऱ्हायला. तवा मी मनात म्हनलं, मास्तर, ह्याच चौकात ह्याच चालीनं एक दिस तुझं नाक कापीन. मग गाडी हलली. मी रागानं भाकर सोडली आन पहिल्याच घासाला ठसका लागला. सूड घ्यायला निघालेला मानूस कंडक्टरचं पानी पिऊन जगला.

काय झालं हुतं ते सांगतो.

आमच्या मानदेशात बँडवाल्यास्नी गान्यांची नावं ठाऊक नसत्यात. चालीला नंबर असतो. मास्तर बोटं दावतो, आपन वाजवायचं. मास्तरच्या बँडात नऊ चाली हुत्या. त्यातल्या दोन देवाच्या आन सात मास्तरच्या स्वताच्या. आख्ख्या तालुक्यात कुनालाबी इचारा, त्यो सांगनार की ह्या चाली रघू मास्तरला इहिरीवर मोट हाकताना सुचल्या. दुसरा कुठलाबी बँड त्या वाजवायचा न्हाय, मास्तरला भ्यायचे. त्यातली चार नंबर म्हंजे रानी. नवरी मांडवात येताना आन वरात चौकात आली की वाजायची. सुरवातीला हळू हळू जिना चढल्यागत जाती, आन दुसऱ्या ओळीच्या शेवटाला एकदम गच्चीवर उडी मारती आन तिथंच उभी ऱ्हाती. त्या उडीला बायका डोळ्याला पदर लावायच्या.

सतरा वर्सं आमी ती उडी मारली. अठराव्या साली मास्तरनं फर्मान काढलं, इथनं म्होरं वर जायचं न्हाय, खाली उतरायचं. कारन सांगितलं न्हाय. बाकीचे उतरले. मला काय ती उतरनी पटंना. सरपंचाच्या पुतन्याचं लगीन हुतं, चौकात तीन गावची मानसं. सगळा बँड खाली गेला आन मी एकटा वर. कोंबडा आरवल्यागत एकटा. मास्तरनं वळून कानशिलात ठेवून दिली. ट्रंपेट तोंडात हुता, व्हट फाटला. "लाकडी कान हाय तुझा," म्हनला. "जा, लाकडंच फोड." चौक हसला. माझा सासरा बी तिथंच हुता, त्योबी हसला.

त्या दिवसापास्नं माझं नाव लाकडी कान. पोरं मागनं दारावर वाजवल्यागत टकटक करायची. रघू मास्तरनं ज्याला लाकडी कानाचा म्हनलं, त्याला तालुक्यात कुठलाबी बँड घेईना. शेजारच्या गावचा एकजन कतारात स्कॅफोल्डिंगला हुता, म्हंजे लोखंडी पाईप आन क्लॅम्प लावून वर चढायचा सांगाडा बांधायचा. त्यानं मला काय येतंय इचारलं. मी म्हनलं, वर चढाय येतंय. त्याच्यापायीच तर मार खाल्लाय.

रास लफानला तवा नुसती वाळू आन गॅसच्या कारखान्याचं बांधकाम. बसनं साईटवर न्यायचे, बसनं कॅम्पात आनायचे. पहिल्या हप्त्यात मी हेल्मेट उलटं घालून फिरलो. सेफ्टीच्या ट्रेनिंगला इंग्रजीत इचारलं की मी मान हलवायचो. एकदा इचारलं, उंचावर चक्कर येती का, तरी मी मान हलवली. चार दिवस खाली पाईप मोजाय बसवलं.

चार दिवसांनी वर चढलो. चहाच्या टायमाला आमच्या टेरीसायबाची पिकअप खाली येऊन थांबली. ह्यो गोरा सुपरवायझर, टोमॅटोसारखा लाल, पोट गाडीच्या स्टेअरिंगला लागायचं. त्यानं दार उघडलं आन आतनं टेप वाजाय लागला. मी हातातला पाना सोडला. पाना दोरीला बांधलेला हुता म्हनून खालचा नेपाळी वाचला. पिकअपमदी चार नंबरची चाल वाजत हुती.

आता हुशार मानूस काय समजला असता ते तुमाला कळलंच. मी काय समजलो ते ऐका. मी समजलो की गोऱ्यांनी आमच्या मास्तरची चाल चोरली.

खाली उतरून मी स्टोअरमदल्या इकबालभाईचा हात धरला. इकबालभाई रत्नागिरीचा, बारावी शिकलेला, माझ्याच खोलीत खालच्या बेडवर. म्हनलं, सायबाला इचार, ही आमच्या गावची चाल त्याला कुठनं गावली. इकबालभाई म्हनला, तुला ऊन लागलंय. आन त्यानं सायबाला इचारलं न्हाय. मग मी आठवडाभर कॅम्पभर सांगत सुटलो, आमच्या मास्तरच्या चाली इंग्लंडापतुर गेल्या. जेवताना सांगतोय, बसमदी सांगतोय. खोटं कशाला बोलू, छाती फुगली हुती माझी. ज्या मानसानं माझा व्हट फोडला, त्याच्या नावानं मी परदेशात मिरवत हुतो. आठवलं की आजबी स्वताच्याच कानशिलात मारावी वाटती.

शेवटी इकबालभाई वैतागला आन त्यानं सायबाला माझ्यादेखत सांगितलं. टेरीसाहेब पिकअपच्या पायरीवर बसला आन हसून हसून डोळं पुसाय लागला. दुसऱ्या दिवशी त्यो बुटाचं खोकं भरून कॅसेटी घेऊन आला. म्हनला, त्यो सोळा-सतरा वर्साचा असताना, म्हंजे पंच्याहत्तर-श्याहत्तर साल आसंल, दर आठवड्याला तिकडं रेडिओवर सांगायचे की आता कुठलं गानं एक नंबर. त्यो वहीत लिहून ठेवायचा. शाळेत नापास झाला पन वही चुकवली न्हाय. मला ह्यो मानूस तिथंच आवडला.

मग त्यानं एकेक कॅसेट लावली. मास्तरच्या सातच्या सात चाली निघाल्या. दोन नंबर, जिच्यावर घोडा नाचायचा, ती पाचजनांची. सगळ्यांचे कपडे एकाच शिंप्यानं एकाच ताग्यातनं शिवलेले, केस मेंढरागत, बुटाखाली इटा लावल्यागत टाचा. टेरीसाहेब म्हनला, हे सहा आठवडे एक नंबरला हुते आन मग आपसात भांडून गेले. सात नंबर एका जाडजूड मानसाची, त्यो गाताना एक हात कपाळाला लावायचा. त्याचं ते एकच गानं चाललं, म्होरं त्यानं गाड्या धुवायचं दुकान काढलं म्हनं. साहेब टेप चालू करायचा, मी दोन सुरात बोटं दावायचो. दोन, पाच, सात. सायबाला वाटायचं, काय ह्यो मानूस, ह्याला माझी सगळी तरनी वर्सं पाठ हायत. मला अँडी म्हनाय लागला. आनंदाचं अँडी.

आन चार नंबर एका उंच बाईची. कव्हरवर चांदीच्या कागदागत दिसनारी पँट, आखूड केस, हात कमरेवर, शेतात पाटलीन उभी ऱ्हाती तशी. मी इकबालभाईला म्हनलं, बाई गाती काय ते सांग. त्यो ऐकत ऐकत म्हनला, "ती म्हणते, मी निघाले, आता ह्या घरात परत पाय ठेवणार नाही. दार लावून घे." आमी अठरा वर्सं ह्या गान्यावर नवऱ्या मांडवात आनल्या. तरी एकबी परत गेली न्हाय, ही आमच्या तालुक्यातल्या बायकांची मेहेरबानी.

पन खरी गोष्ट म्होरं हाय. दुसऱ्या ओळीच्या शेवटाला ती बाई वर गेली. गच्चीवर. उडी मारून तिथंच उभी ऱ्हायली. मी सायबाला हातानं खुना करून तेवढंच सहा येळा लावाय लावलं. सहाबी येळा वर. मी बरोबर हुतो. चोरीचा माल, आन त्यो बी चोराला धड वाजवता येईना, आन मार मी खाल्ला.

मास्तर बँड काढायच्या आधी चार वर्सं मुंबईत एका हाटेलात वाढपी हुता, एवढं गावाला ठाऊक हुतं. तिथं ह्या रेकॉर्डी वाजत असनार. मोट हाकताना सुचल्या म्हनं. मोट न्हाय, ट्रे हाकताना.

आता माझ्या हातात हत्यार आलं. त्या काळी आमच्यातले निम्मे कॅसेटीत पत्र पाठवायचे. लिव्हाय येत न्हाय, मग टेप लावून बोलायचं, कोन गावाकडं निघाला की त्याच्याकडं द्यायचं. घरचे ऐकून त्याच कॅसेटीवर आपलं भरून परत पाठवायचे. मी सायबाकडनं ए साईडला सातबी गानी भरून घेतली, पहिलंच चार नंबर. बी साईडला मी बोललो. अर्धा तास बोललो. मास्तर चोर हाय, ह्या गान्यांचे मालक हे हे हायत, बाई बघा वर जाती, म्हंजे लाकडी कान कुनाचा, असं सगळं. मधी शिव्या. इकबालभाईनं बेडवरची उशी कानावर घेतली. मास्तरच्या साठीचा गावात सत्कार हुता. मी शोभाला निरोप धाडला, सत्काराला मारुतीच्या देवळापुढच्या कर्न्यावर दोनी बाजू लाव.

म्हैन्याभरानं तीच कॅसेट परत आली. मी दार लावून ऐकाय बसलो. शोभाचा आवाज.

"अवो, लई भारी झालं. कर्ना पार वढ्यापतुर ऐकू गेला. लोकं म्हनली, बघा, सायबाच्या देशातबी आपल्या मास्तरच्या चाली गात्यात. सरपंच म्हनले, बाईचा गळा चांगला हाय पन मास्तरची सर न्हाय. मास्तर रडला. माईकवर म्हनला, माझ्या आनंद्यानं माझं नाव सातासमुद्रापार नेलं. तुमच्या नावानं नारळ आन टावेल दिलाय, घरी ठेवलाय. आन मास्तर म्हनला, बाई सगळं बरोबर गाती, तेवढ्या एका जागी चुकली. टाळ्या वाजल्या."

मी टेप बंद केला. परत लावला.

"बी साईड मी आधी घरात ऐकली. असलं भरल्या सभेत लावत्यात का? त्याच्यावरच हे भरतीय. म्हैस व्याली, पारडी झाली."

मी अर्धा तास घातलेल्या शिव्यांच्या जागी माझी म्हैस व्याली हुती. आन वरनं सुनी, माझी लेक, तवा अकरा-बारा वर्साची, तिनं शाळेतली कविता म्हनली. मी ती कॅसेट पुन्यांदा पुन्यांदा ऐकली, सुनीसाठी. पन प्रत्येक येळेला सुनीपतुर पोचायला मास्तरच्या टाळ्या ऐकाव्या लागायच्या.

बाई चुकली म्हनं. चांदीच्या पँटची बाई चुकली, मी चुकलो, सगळं जग चुकलं. तवा मी ठरवलं, आता गाव काय म्हनतंय त्याच्याशी मला घेनं न्हाय. मास्तरनं स्वताच्या तोंडानं, त्याच चौकात, सगळ्यांदेखत वरचा सूर मानला पायजे. एवढं एकच पायजे.

वर्सं गेली. मी साध्याचा फोरमन झालो. यल्ला म्हनून मानसं हाकाय शिकलो, खलास म्हनून काम बंद कराय शिकलो. दोन वर्सांनी एकदा रजा. दर रजेला चौकातनं मान खाली घालून जायचो. लोकं म्हनायचे, कतारला जाऊन आनंदा नम्र झाला. नम्र कसला, समोर मास्तर बसलेला असायचा आन मला त्याच्याकडं बघवायचं न्हाय.

मग एका हिवाळ्यात टेरीसाहेब धावत आला. दोह्याच्या एका हाटेलाच्या हिरवळीवर जुन्या गानेवाल्यांचा कार्यक्रम हुता आन त्यात ती बाई येनार हुती. साक्षात चार नंबर. स्टेजचा सांगाडा बांधायला मानसं पायजे हुती, सायबानं आमच्या गँगचं नाव दिलं. शुक्रवारी दुपारी आमी पाईप आवळत हुतो आन बाई तालमीला आली.

मी चांदीची पँट शोधत हुतो. आली ती साठीला टेकलेली, गुडघ्याला पट्टा, गळ्यात दोरीला चष्मा, हातात लिंबू घातलेला कोरा चहा. वर बघून तिनं मला काय तरी इचारलं. सायबानं खालनं सांगितलं, इचारती की हे डोक्यावर पडनार न्हाय न्हवं. मी म्हनलं, "नो फॉल मॅडम. गुड पाईप." ती हसली. माझ्या आयुष्यात गानेवाल्या बाईशी झालेलं हे एवढंच बोलनं, त्यातबी मी पाईपची तारीफ केली.

मग तिनं चार नंबर धरलं. जिना तसाच, हळू हळू. मी वर पाईप धरून उभा, काळीज व्हटात. दुसऱ्या ओळीचा शेवट आला आन बाईनं माईक समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडं केला. खुर्च्या गप्प. दुसऱ्या खेपेला तिनं माईक फिरवला न्हाय. ती खाली उतरली. वरच्या जागी न जाता खाली. जशीच्या तशी मास्तरची उतरनी. उतरताना तिनं गळ्याला दोन बोटं लावली, जरा दाबली, आन चहा घेतला.

खाली टेरीसाहेब रडत हुता. म्हनला, तशीच गाती, अगदी तशीच. त्याला फरक कळला न्हाय. तीस वर्सं वही जपलेला मानूस.

मला कळला. पाईपवर उभ्या उभ्या मला ते अठरावं साल आठवलं. त्या साली मास्तर भाकर कालवनात बुडवून खायाचा. त्याच साली त्यो तालुक्याला दोनदा गेलता आन येताना तोंडावर रुमाल धरून आलता. वरचे चार दात पडलेले, कवळी बसवलेली. ट्रंपेटचा वरचा सूर व्हटावर आन दातावर उभा ऱ्हातो, कवळीवर न्हाय. मास्तरला वर जाता येत न्हवतं म्हनून त्यानं आख्ख्या बँडाला खाली उतरवलं. आन मी एकटा वर गेलो, तीन गावांदेखत.

दुसरा कोन असता तर त्याला दया आली असती. बिचारा म्हातारा, वय झालं, असं. माझी बुद्धी तशी चालत न्हाय. मला आधीपेक्षा ज्यादा राग आला. इतकी वर्सं मला वाटायचं, मास्तरला खरंच वाटतंय मी चुकलो. आता कळलं की मारताना त्याला ठाऊक हुतं. स्वताचे दात झाकाय त्यानं माझा कान लाकडी केला.

दोन वर्सांनी सुनीचं लगीन ठरलं. नवरदेवाकडच्यांना डीजे पायजे हुता. तवर बँड गावाकडनं उठलेच हुते. मी फोनवर सांगितलं, माझ्या लेकीच्या लग्नात रघू मास्तरचाच बँड. गावानं मला डोक्यावर घेतलं. आनंदानं जुनं इसरून म्हाताऱ्याला मान दिला, किती मोठं मन. मास्तर स्वता घरी येऊन शोभाला म्हनला, माझ्या पोरांनी केलं नसतं ते आनंद्यानं केलं. सगळे मला मोठ्या मनाचा म्हनत हुते आन मी मनात चौकाची जागा ठरवत हुतो, पानटपरीच्या अलीकडं की पलीकडं.

लग्नाला घरी आलो तवा शोभाला कळलं हुतं. म्हनली, "तुमचं तोंड बघूनच कळतंय मला. लेकीचं लगीन हाय, अवो."

मी म्हनलं, मी काय करनार, चाल तर सांगनार.

वरात चौकात आली. मास्तर म्होरं, लाल कोट, कोटाला कसर लागलेली. मागं आठ मानसं, त्यातली निम्मी भाड्यानं आनलेली. मी हात वर केला. चार बोटं. बँडात बोटं दावायचा मान मास्तरचा, पन मी नवरीचा बाप. मास्तरनं बघितलं आन त्याला कळलं. सगळं कळलं.

त्यानं वाजवलं. उडीच्या जागी खाली उतरला. मी म्हनलं, "थांबा मास्तर. वर जायचं तिथं." लोकास्नी वाटलं, कतारवाल्याला गान्याची हौस. परत सुरवात. परत उतरनी. "वर, मास्तर." तिसऱ्या खेपेला त्यानं प्रयत्न केला. दाराची बिजागरी वाजल्यागत आवाज आला आन तुटला. बँडवाली मानसं खाली बघाय लागली. सुनी जीपमदनं म्हनली, "बापू, पुरे आता." मी चौथ्यांदा बोटं वर केली. खरं सांगतो, मला बरं वाटत हुतं. फाटलेला व्हट थंड झाल्यागत वाटत हुतं.

मास्तरनं बाहीनं तोंड पुसलं. मग त्यानं सगळ्यांदेखत कवळी काढली, रुमालात गुंडाळली, खिशात घातली. गाल आत गेले. ट्रंपेट माझ्याम्होरं धरला.

"घे आनंद्या. तू वाजवून दाव."

ह्याच्यासाठी तर मी दहा वर्सं जगलो हुतो. मी ट्रंपेट घेतला. लोकं गोळा झाली. पन व्हट रोज घासला तर ट्रंपेट वाजतो, आन मी दहा वर्सं त्या व्हटांनी तिकडची कुबूस रोटी आन डाळच खाल्लेली. मी छाती भरून फुंकलं. जो आवाज आला त्यो म्हशीनं शेपूट वर केल्यावर येतो. चौक जो हसला. मी परत फुंकलं. परत म्हैस, ह्या खेपेला आजारी म्हैस. सुनी मुंडावळ्या धरून हसत हुती. नवरदेव हसला, आमच्या गावात त्यो पहिल्यांदाच हसला. माझा सासरा पानटपरीच्या बाकावर बसून गुडघ्यावर हात मारत हुता, वय ऐंशी.

त्या हसन्यात मास्तर माझ्याजवळ आला. कानात न्हाय बोलला, चांगला तोंड वर करून बोलला.

"सूर तुझाच बरोबर हुता. त्या दिवशीबी."

मी म्हनलं, "मोठ्यानं बोला, मास्तर."

"मोठ्यानंच बोललो की."

बोलला हुता. भर चौकात, सगळ्यांदेखत, जसं मला पायजे हुतं तसं. पन सगळे माझ्या म्हशीला हसत हुते आन दात न्हवते म्हनून शब्द फुस्स करून गेले. मी म्हनलं, परत बोला. तवर नवरदेवाकडच्यांनी गुपचूप आनलेला डीजे मागनं सुरू झाला आन माझीच पाहुनेमंडळी मला ढकलून म्होरं नाचाय गेली. मास्तर ट्रंपेट माझ्या हातातच ठेवून बाजूच्या पायरीवर बसला. मीबी बसलो. दुसरी जागा ऱ्हायली कुठं.

तिकडं गावात ऱ्हायलेल्यांनो, आन माझ्यासंगं वाळूत आलेल्यांनो, तुमी इचारता आनंदा, आता घर कुठलं. कतारात एवढ्या वर्सांत मला कुनी मारलं न्हाय, कुनी लाकडी कानाचा म्हनलं न्हाय. फोरमन म्हनून सलाम करत्यात. माझा सूर बरोबर का चूक, तिथं कुनाचं काय जातंय. माझ्यावर डूक धरंल येवढी माझी वळख त्या देशात एकालाबी न्हाय. तेवढी वळख एका गावातच हाय, एकाच पायरीवर.

मी मास्तरला माफ केलेलं न्हाय. पायरीवर बसलो म्हनून लोकं काय बी समजत्यात. दर शुक्रवारी मी घरी फोन करतो, आन पहिलं इचारतो त्यो म्हातारा हाय का. येत्या रजेला मारुतीच्या देवळापुढं कर्ना लावनार, माईक त्याच्या तोंडाला धरनार, कवळी घालाय लावनार आन तेच वाक्य परत बोलाय लावनार, वढ्यापतुर ऐकू जाईल असं. त्याच्याबिगर ते कुनालाच बोलता येनार न्हाय. म्हनून त्यानं तवर मरायचं न्हाय.

शोभा आता फोन उचलला की माझ्या इचारायच्या आधीच सांगती.

"हाय. खोकतोय, पन हाय."

मग मी म्हनतो, इन्शाल्ला, आन मग इचारतो, तू कशी हायस.